वाचकांचे प्रश्न : अळीच्या मानेवरील पांढरे दाणे

मागील अंकात तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या नैसर्गिक शत्रूंविषयी लिहिताना टॅकिनिड माशीचा, म्हणजे जिची पिल्ले दुसऱ्या कीटकांच्या अंगात वाढून त्यांना मारतात अशा माशीचा, उल्लेख जेमतेम एका परिच्छेदात आला होता. त्यावर आलेली पत्रे पाहता या माशीला स्वतंत्र जागा द्यायला हवी होती असे वाटले, म्हणून या वेळचे सदर तिच्यासाठी राखून ठेवले आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले असून लांब पत्रे आवश्यक तेवढीच ठेवली आहेत.

प्रश्न : माझ्या तुरीत शेंगा भरत आहेत आणि घाटेअळीचा प्रादुर्भाव आहे. मोठ्या अळ्यांपैकी काहींच्या डोक्यामागे तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले दिसतात. बोटाने काढू गेल्यास ते निघत नाहीत. औषधांच्या दुकानात दाखवले तेव्हा, हा अळीचा नवा प्रकार असून लगेच जालीम फवारा घ्या, असे सांगण्यात आले. हे दाणे कशाचे आहेत, आणि मी फवारणी करावी की नाही?
— एक शेतकरी, जि. वाशीम

उत्तर : अळी नेहमीचीच, म्हणजे हेलिकोव्हर्पाच आहे. दाणे मात्र तिच्या शत्रूची अंडी आहेत. टॅकिनिड कुळातील काही माश्या चालत्या-खात्या अळीवर झेपावून तिच्या अंगावर अंडी डकवतात. जागा बहुधा डोक्यालगतची किंवा पाठीच्या पुढच्या भागातील असते, कारण तेथपर्यंत अळीचे जबडे पोचत नाहीत. अंडे इतके पक्के बसते की आपल्या नखालाही ते दाद देत नाही. काही दिवसांत त्यातून माशीची बिनपायाची अळी बाहेर येते. दोन अळ्यांचा घोळ होऊ नये म्हणून तिला येथून पुढे आपण ‘पिल्लू’ म्हणू. हे पिल्लू घाटेअळीची कातडी भेदून आत शिरते. अंडे उबण्याआधीच घाटेअळीने कात टाकली, तर अंडे कातीबरोबर गळून पडते आणि अळी वाचते. म्हणजे अंगावर अंडे दिसले की अळी मेलीच, असे धरून चालता येत नाही.

आत काय घडते ते कीटकशास्त्रातील एक नवल आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. अळीच्या शरीरात परकी वस्तू शिरली की तिच्या रक्तातील पेशी त्या वस्तूभोवती गोळा होऊन कवच बनवू लागतात, जेणेकरून आत शिरलेला जीव कोंडला जाऊन मरावा. टॅकिनिडचे पिल्लू हेच कवच आपल्या कामी लावते. त्याची श्वसनछिद्रे शरीराच्या मागच्या टोकाला असतात. ते टोक अळीच्या कातडीला किंवा श्वासनलिकेला पाडलेल्या भोकाशी ते टेकवून ठेवते, त्यामुळे भोवती वाढणारे कवच बंद न होता नरसाळ्याच्या आकाराचे बनते, आणि त्या नरसाळ्यातून पिल्लाला बाहेरची हवा मिळत राहते. अळीने ज्याला गुदमरवण्यासाठी भिंत उभारली, त्याला तिनेच खिडकी करून दिली, असा हा प्रकार आहे. सुरुवातीस पिल्लू अळीचे रक्त आणि चरबी यांवर वाढते व मर्माची इंद्रिये शिल्लक ठेवते, कारण यजमान अळी लवकर मेली तर त्याचाही शेवट होतो. पूर्ण वाढ होत आली की ते उरलेसुरले खाऊन टाकते, अळी मरते, आणि पिल्लू बहुधा बाहेर पडून जमिनीत कोषावस्थेत जाते. काही वेळा घाटेअळी स्वतः जमिनीत कोषात जाईपर्यंत तग धरते, आणि त्या कोषातून पतंगाऐवजी माशी निघते. हा शेवटचा भाग मातीत घडत असल्याने शेतकऱ्याच्या नजरेस क्वचितच पडतो.

आता फवारणीविषयी. अंडी अंगावर असलेली अळी खाणे थांबवत नाही. आतले पिल्लू मोठे होईपर्यंत ती आपल्या शेंगा पोखरतच राहते. माशी बहुधा वाढ झालेल्या अळीला गाठत असल्यामुळे नुकसानीचा बराचसा भाग तोवर होऊन गेलेला असतो. त्यामुळे ‘मित्रकीटक आला, आता पीक वाचले’ असे आम्ही म्हणणार नाही, आणि असे म्हणणाऱ्या पत्रकांवर आमचा विश्वासही नाही. माशीचा लाभ पुढच्या पिढीत आहे. मेलेल्या अळीपासून जो पतंग झाला असता, त्याची मादी शेकडो अंडी घालते. ती अंडी आपल्याच तुरीच्या उशिराच्या बहरावर किंवा शेजारच्या हरभऱ्यावर पडली असती.

म्हणून निर्णय मोठ्या अळ्यांवरून न घेता लहान अळ्यांवरून घ्यावा. शेतात निरनिराळ्या ठिकाणची झाडे पाहून लहान व मोठ्या अळ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. लहान अळ्या मोजक्याच असतील आणि मोठ्यांपैकी बऱ्याच अळ्यांवर अंडी असतील, तर फवारणीतून फारसे काही हाती लागणार नाही, उलट माश्या मात्र मरतील. अशा वेळी झाडाखाली पोते अंथरून झाड हळूच हलवावे आणि पडलेल्या अळ्या गोळा कराव्यात, ही जुनी रीत अजूनही उत्तम आहे. फक्त एक भर घालावी. अंडी असलेल्या अळ्या रॉकेलच्या पाण्यात न टाकता, तळाशी ओलसर माती व तुरीच्या थोड्या शेंगा ठेवलेल्या डब्यात टाकून, माशी निसटेल पण पतंग अडकेल एवढ्या भोकांची जाळी वर बांधून तो डबा बांधावर सावलीत ठेवावा. लहान अळ्या भरपूर असतील, तर थांबणे परवडणार नाही. त्या वेळी एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य औषध संध्याकाळच्या सुमारास, द्रावणात नीळ मिसळून फवारावे. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निष्प्रभ होतो आणि नीळ त्याला काही प्रमाणात आडोसा देते. मात्रा लेबलावरील शिफारशीप्रमाणेच ठेवावी.

प्रश्न : ही माशी ओळखायची कशी? आमच्याकडे ज्वारीवर खोडमाशी, सोयाबीनवर खोडमाशी, वेलवर्गीय भाज्यांवर फळमाशी. माशी म्हटली की नुकसान, असाच अनुभव आहे.
— एक शिक्षक व अर्धवेळ शेतकरी, जि. परभणी

उत्तर : टॅकिनिड माशी दिसायला घरमाशीच्या जवळची, म्हणूनच दुर्लक्षित राहते. जवळून पाहिल्यास तिच्या अंगावर, विशेषतः पोटाच्या मागच्या टोकाकडे, राठ व ताठ केस दिसतात. बहुतेक जाती करड्या-काळ्या पट्ट्यांच्या असतात, काहींचे पोट तांबूस असते. ती उकिरड्यावर किंवा शेणावर घोंगावत नाही, तर दुपारच्या उन्हात पिकाच्या शेंड्यांभोवती अस्वस्थपणे घिरट्या घालताना, पानापानावर उतरून पुन्हा उडताना, किंवा फुलांवर मध पिताना आढळते. आपण सांगितलेल्या तिन्ही माश्या वेगळ्या कुळांतील आहेत आणि त्यांची पिल्ले पिकाच्या खोडात किंवा फळात वाढतात. टॅकिनिड कुळात जगभरात आठ हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांची पिल्ले वनस्पती खात नाहीत. ती अळ्या, भुंगेरे, ढेकूण, नाकतोडे अशा इतर कीटकांतच वाढतात.

एक इशारा द्यायला हवा. मेलेल्या, सडलेल्या अळीत वळवळणारी पिल्ले दिसली म्हणून ती टॅकिनिडचीच असतात असे नाही. कुजलेल्या मांसावर येणाऱ्या माश्या तेथेही अंडी वा पिल्ले घालतात. जिवंत अळीवर किंवा जिवंत अळीत जे सापडेल, तोच पुरावा मानावा.

सर्वच टॅकिनिड अंगावर अंडी डकवतात असेही नाही. काहींच्या माद्या अतिशय बारीक अंडी पानांवर विखरून टाकतात, अळी पानाबरोबर ती गिळते आणि अंडी तिच्या आतड्यात उबतात. घाटेअळीवर आढळणारी गोनिऑफ्थॅल्मस हाली ही या रीतीची आहे, तर तुरीवर वारंवार सापडणारी कार्सेलिया इलोटा अंडी अळीच्या अंगावर घालते. पांढरे दाणे दिसत नाहीत म्हणून शेतात माशीच नाही, असा निष्कर्ष काढू नये.

प्रश्न : तुरीत या माश्या दिसतात, पण त्याच शेताला लागून असलेल्या हरभऱ्यात फारशा दिसत नाहीत. अळी तर एकच आहे.
— जि. लातूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही हाच फरक नोंदवला आहे. हरभऱ्यावरील लहान अळ्यांना प्रामुख्याने कॅम्पोलेटिस क्लोरिडी ही गांधीलमाशीच्या गणातील नाजूक परोपजीवी गाठते, तर तुरीवरील मोठ्या अळ्यांवर टॅकिनिडचा भर असतो. कॅम्पोलेटिसने ग्रासलेली अळी लहान असतानाच मरते, त्यामुळे हरभऱ्यात ती जास्त कामाची, हे मान्य करायला हवे. तिचा पांढुरका, काळसर ठिपक्यांचा छोटा कोष पानाला किंवा घाट्याला चिकटलेला दिसतो. तो पक्ष्याची विष्ठा समजून झटकू नये. हरभऱ्याच्या पानांवरील आंब, म्हणजे मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. ट्रायकोग्रामासारख्या चिमुकल्या मित्रकीटकांना ही आंब मुळीच मानवत नाही, आणि म्हणून हरभऱ्यात ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामाने ग्रासलेली अंडी चिकटवलेले कार्ड, लावणे हा व्यर्थ खर्च आहे.

प्रश्न : उसाच्या खोडकिडीसाठी आम्ही ट्रायकोकार्ड वापरतो. टॅकिनिड माशीची कार्डे कोठे मिळतील?
— ऊस उत्पादक, जि. सांगली

उत्तर : अशी कार्डे मिळत नाहीत आणि मिळणेही अवघड आहे. ट्रायकोग्रामा हा अंड्यांवरील परोपजीवी असून तो कॉर्सिरा या धान्यातील पतंगाच्या अंड्यांवर सहज वाढवता येतो. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी बसतात. टॅकिनिडसाठी प्रत्येक माशीमागे एक जिवंत, चांगली वाढलेली अळी लागते. ज्या किडींवर ती वाढते त्यांतल्या पुष्कळशा किडींच्या अळ्या एकत्र ठेवल्यास एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा डबा द्यावा लागतो. माश्यांच्या मीलनासाठी पुरेशी जागा व प्रकाश असलेले पिंजरे लागतात. एवढे करून मिळणारी माशी नाजूक असते आणि लांबच्या प्रवासात मरते. व्यापारी तत्त्वावर हे परवडत नाही.

उसाच्या बाबतीत मात्र एक उल्लेखनीय अपवाद आहे. स्टर्मिऑप्सिस इन्फेरन्स ही टॅकिनिड माशी खोडकीड आणि गुलाबी खोडकीड यांवर आपल्या देशात नैसर्गिकरीत्या आढळते. कोइंबतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत तिच्यावर पुष्कळ काम झाले आहे. खोडकिडीची अळी कोंबाच्या आत असते, तेव्हा तिच्या अंगावर अंडे घालण्याचा प्रश्नच येत नाही. ही मादी अंडी पोटातच उबवते आणि किडीच्या छिद्राशी जिवंत पिल्ले सोडते. छिद्रातून बाहेर आलेल्या विष्ठेचा वास तिला जागा दाखवतो. पुढे पिल्लू स्वतः बोगद्यात सरपटत जाऊन अळीला शोधते. मीलनानंतर पिल्ले तयार होण्यास काही दिवस लागतात, त्यामुळे शेतात सोडायच्या त्या पोटात पिल्ले तयार असलेल्या माद्याच. तमिळनाडूतील शिफारशीत एकरी १२५ अशा माद्या सोडण्यास सांगितले आहे.

आपल्या भागासाठी व्यवहार्य मार्ग मात्र असलेली माशी राखण्याचा आहे. पोंगेमर झालेले, म्हणजे किडीमुळे मधला पोंगा सुकलेले, कोंब काढून जाळून टाकण्याची सवय सर्वत्र आहे. त्याऐवजी काही कोंब उभे चिरून पाहावेत. आत जिवंत अळीऐवजी तांबूस तपकिरी, गुळगुळीत, दोन्ही टोकांना गोलसर असा माशीचा कोष मिळाला, तर तो कोंब शेतातच सावलीला ठेवावा. उसाचे पाचट जाळण्याने जमिनीलगतचे हे कोषही नष्ट होतात. पाचट न जाळण्याची जी अनेक कारणे आपण ऐकली असतील, त्यांत या कारणाचीही नोंद असावी.

प्रश्न : आपण या माशीची भलामण करता, पण आमच्या रेशीम शेडमध्ये याच माशीने उभ्या बॅचचे वाटोळे केले. ती वाढावी असे आम्हाला कसे वाटेल?
— रेशीम उत्पादक, जि. जालना

उत्तर : आपली तक्रार पूर्णपणे रास्त आहे. रेशीमकीटक हाही पतंगाची अळीच आहे, आणि माशीला उपद्रवी अळी व उपयुक्त अळी असा भेद करता येत नाही. आपल्या शेडमध्ये शिरणारी उझी माशी, एक्सोरिस्टा बॉम्बिसिस, ही टॅकिनिड कुळातीलच आहे. ती पूर्वी प्रामुख्याने बंगालकडे होती. १९८० मध्ये पश्चिम बंगालमधून आणलेल्या कोषांबरोबर ती कर्नाटकात पोचली आणि तेथून दक्षिणेतील रेशीमपट्ट्यात पसरली. म्हणजे मालाबरोबर, माणसाच्याच हातून, हा प्रवास झाला. कोष किंवा बियाण्याची ने-आण करताना ही गोष्ट विसरू नये.

तथापि तुरीतील माशी आणि शेडमधील माशी एकच नव्हे. टॅकिनिडच्या बऱ्याच जाती आपले यजमान ठरावीक गटांतून निवडतात. तुरीवरील कार्सेलिया ही रेशीम शेडची समस्या नाही, आणि उझी माशी ही घाटेअळीच्या नियंत्रणासाठी कोणी सुचवलेली माशी नाही. तेव्हा शेजाऱ्याने तुरीत फवारणी टाळली म्हणून आपली बॅच धोक्यात येते, असे समजू नये.

आपल्यापुरते सांगायचे, तर शेडच्या दारे-खिडक्यांना बारीक जाळी, प्रवेशासाठी दुहेरी दार, आणि शेडमध्ये जाताना मागचे दार लावल्याशिवाय पुढचे न उघडण्याची शिस्त, यांहून चांगला उपाय नाही. कीटकाच्या अंगावर अंडे किंवा पिल्लू शिरल्याचा काळा डाग दिसताच तो कीटक वेचून नष्ट करावा. पिल्ले कोषावस्थेसाठी जमिनीच्या व भिंतीच्या फटींत जातात, म्हणून फटी बुजवाव्यात आणि मिळालेली पिल्ले व कोष साबणाच्या पाण्यात टाकावेत. उझी माशीच्या कोषांवर वाढणारी नेसोलिंक्स थायमस ही चिमुकली गांधीलमाशी सोडण्याची शिफारसही आहे. म्हणजे परोपजीवीवर परोपजीवी. शेतातल्या टॅकिनिडनाही असेच शत्रू असतात, ब्रॅकिमेरिया ही त्यांतलीच एक. त्यामुळे एखाद्या हंगामात माश्या अचानक रोडावल्या, तर त्याचा दोष दर वेळी फवाऱ्याकडेच जाईल असे नाही.

प्रश्न : कपाशीवरील गुलाबी बोंडअळीला ही माशी आळा घालेल का?
— जि. यवतमाळ

उत्तर : भिस्त ठेवावी इतका नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात फुलात किंवा बोंडात शिरते आणि छिद्रही बुजून जाते, त्यामुळे माशीला ती सापडणे कठीण. तेथे कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे), डोमकळ्या म्हणजे अळीमुळे न उमललेली फुले वेचून नष्ट करणे आणि फरदड, म्हणजे हंगामानंतरही तीच कपाशी पुढे ठेवणे, न घेता कपाशी वेळेवर संपवणे, हेच खरे उपाय आहेत.

प्रश्न : कोकणात व गोव्यात नारळावर काळ्या डोक्याची अळी येते. उंच माडावर फवारणी करणे शक्य नाही. परदेशात माशी आणून नारळ वाचवल्याचे ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि आपल्याकडे तसे का करत नाहीत?
— बागायतदार, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : खरे आहे. ते प्रकरण फिजी बेटांतील आहे. तेथे लेव्हुआना इरिडेसेन्स या निळसर पंखांच्या लहान पतंगाच्या अळ्यांनी व्हिटी लेव्हू बेटावरील माडांची पाने कित्येक वर्षे खरवडून काढली होती आणि खोबऱ्याचा व्यापार बुडण्याची वेळ आली होती. जे. डी. टॉटहिल यांच्या नेतृत्वाखालील कीटकशास्त्रज्ञांना फिजीत त्या पतंगाचा परिणामकारक शत्रू मिळेना. तेव्हा त्यांनी मलायात नारळावरच राहणाऱ्या, लेव्हुआनाच्या नात्यातील दुसऱ्या एका पतंगावरची टॅकिनिड माशी, बेसा रेमोटा, १९२५ मध्ये जहाजाने फिजीत आणली. माश्यांना वाटेत जिवंत ठेवण्यासाठी त्या पतंगाच्या अळ्यांसह नारळाची रोपेच पिंजऱ्यांतून जहाजावर चढवण्यात आली होती. माशी रुजली आणि थोड्याच काळात लेव्हुआनाचा उपद्रव संपला. जैविक कीडनियंत्रणाच्या इतिहासात हे उदाहरण नेहमी दिले जाते.

परंतु त्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. पुढे लेव्हुआना इतका दुर्मीळ झाला की तो समूळ नष्ट झाला असावा असे अनेकांचे मत आहे, आणि त्याच्या गटातील इतर निरुपद्रवी पतंगांनाही या माशीची झळ लागली का, यावर आजही वाद आहे. अमेरिकेतील उदाहरण याहून बोलके आहे. तेथे जिप्सी मॉथ या युरोपीय पतंगाविरुद्ध १९०६ पासून काँप्सिल्युरा कॉन्सिनाटा ही टॅकिनिड माशी सोडण्यात आली. जिप्सी मॉथच्या अळ्या वर्षातून एकदाच येतात, या माशीच्या मात्र वर्षात अनेक पिढ्या होतात. उरलेल्या महिन्यांत तिने काय करावे? तिने मिळेल त्या अळीवर हात मारला. सुमारे दोनशे जातींच्या कीटकांवर ती वाढते असे आढळले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्समधील एका अभ्यासात सेक्रोपिया या देशी, देखण्या रेशमी पतंगाच्या अळ्या झाडांवर ठेवून पाहिल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्य अळ्या याच माशीने संपवल्या. परकी माशी एकदा सोडली की परत बोलावता येत नाही. म्हणून आज कोणत्याही देशात असा कीटक आणण्यापूर्वी तो आणखी कोणावर जगतो याची बंदिस्त जागेत कसोशीने तपासणी होते, आणि तशी ती व्हायलाच हवी.

आपल्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी तर बाहेर पाहण्याचेही कारण नाही. ती मूळची आपल्याच भागातील असून तिचे देशी शत्रू पुरेसे आहेत. गोनिओझस नेफँटिडिस व ब्रॅकॉन ब्रेव्हिकॉर्निस या परोपजीवींचे संवर्धन प्रयोगशाळांतून होते. बाग मोठी असेल, तर कृषी विभागामार्फत त्यांची मागणी करावी. त्याआधी खालच्या, जास्त ग्रासलेल्या झावळ्या काढून नष्ट कराव्यात, म्हणजे सोडलेल्या कीटकांवरचा भार हलका होतो.

प्रश्न : ही माशी माणसांना किंवा गुरांना चावते का?
— एक गृहिणी, जि. अहिल्यानगर

उत्तर : नाही. तिला चावण्याजोगे तोंडच नाही. प्रौढ माशी मध व मावा किडीने सोडलेला गोड चिकटा चाटते.

प्रश्न : सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी आम्ही तणनाशकाबरोबरच एक कीटकनाशक मिसळून देतो, म्हणजे मजुरी वाचते. याने टॅकिनिड माशी मरते का? कोणती औषधे तिला कमी घातक आहेत? बांधावर काय लावावे?
— शेतकरी गटातर्फे, जि. अमरावती

उत्तर : मजुरी वाचते हे खरे, पण अळीच नसताना दिलेले कीटकनाशक फक्त मित्रकीटकांवर खर्ची पडते. २००८ च्या खरिपात विदर्भात स्पोडोप्टेरा म्हणजे तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीने सोयाबीनची जी वाताहत केली, ती जुन्या शेतकऱ्यांच्या स्मरणात असेल. त्यानंतरच राज्यात क्रॉपसॅप ही कीड सर्वेक्षणाची योजना २००९-१० पासून सुरू झाली. तिचा पायाच असा आहे की आधी मोजावे आणि नंतर फवारावे. स्पोडोप्टेरावर पेरिबिया ऑर्बाटा ही टॅकिनिड माशी आढळते. पावसाळी, दमट हवेत नोमुरिया ही बुरशीही अळ्यांना पांढरट-हिरवट व ताठ करून पानावरच मारते. हे दोन्ही साथीदार कामाला लागलेले असताना घाईचा फवारा, आणि बुरशीनाशकाचा तर विशेषकरून, त्यांच्याच मुळावर येतो.

औषधांविषयी ढोबळ नियम असा सांगता येईल. सायपरमेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन यांसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड आणि क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट औषधे उडत्या माशीला थेट मारतात. निंबोळी अर्क, बीटी जिवाणू आणि एनपीव्ही विषाणू माशीच्या अंगाला लागून तिला मारत नाहीत. मात्र या औषधांनी अळी लवकर मेली, तर तिच्या पोटातील पिल्लूही तिच्याबरोबर जाते, हे मान्य करायला हवे. नुकसानपातळी, म्हणजे ज्यापुढे फवारणी परवडते ती अळ्यांची संख्या, ओलांडलेली असेल, तर तो तोटा सोसावा. अळ्या लहान असतानाच अशी औषधे दिली, तर तो तोटा बराच कमी होतो, कारण माशीचा भर मोठ्या अळ्यांवर असतो. रासायनिक फवारणी अटळच झाली, तर माश्यांची लगबग असते ती दुपारची वेळ टाळून सायंकाळी करावी, आणि आठ-दहा ओळी फवारल्यानंतर दोन ओळी तशाच सोडाव्यात. या शेवटच्या सूचनेवर गटातील काहीजण हसतील, पण त्या ओळींतूनच माशी पुन्हा शेतभर पसरते.

बांधासाठी कोथिंबीर, बडीशेप, मोहरी ही पिके चांगली. टॅकिनिड माशीची सोंड आखूड असते, त्यामुळे मध उघड्यावर असलेली, छत्रीसारख्या गुच्छांची बारीक फुले तिला सोयीची पडतात. भाजीसाठी कापून नेलेल्या कोथिंबिरीचा मात्र उपयोग नाही, थोडी फुलावर येऊ द्यावी लागेल.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर किती टक्के अळ्या टॅकिनिडने ग्रासल्या आहेत हे मोजायचे आहे. साधी पद्धत सांगावी.
— कृषी पदवीचे विद्यार्थी, राहुरी

उत्तर : शेताच्या कडेच्या व मधल्या भागांतून, दिसेल ती अळी उचलून, मोठ्या अळ्या गोळा कराव्यात. फक्त पांढरे दाणे असलेल्या वेचल्या, तर टक्केवारीला अर्थ राहत नाही. किमान पन्नास तरी घ्याव्यात. हेलिकोव्हर्पाच्या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला हवेशीर झाकणाचा वेगळा लहान डबा द्यावा. तळाशी दोन बोटे ओलसर, चाळलेली माती घालावी आणि रोज ताजी शेंग किंवा भिजवलेला हरभरा देऊन विष्ठा काढून टाकावी. प्रत्येक डब्यावर तारीख, पीक आणि गोळा करताना अंगावर अंडे होते की नव्हते, याची नोंद करावी. अंडे असूनही पतंग निघाला आणि अंडे नसूनही माशी निघाली, ही दोन्ही प्रकरणे तुमच्या कामातील सर्वांत मोलाची माहिती ठरेल. पहिल्यावरून कात टाकून किती अळ्या सुटतात ते कळते, आणि दुसऱ्यावरून पानावर अंडी टाकणारी जात शेतात आहे का याचा अंदाज येतो.

अळी कोषात गेली तरी डबा टाकून देऊ नये, माशी कोषातूनही निघते. विषाणूने किंवा बुरशीने मेलेल्या अळ्या ‘ग्रासलेल्या नाहीत’ या रकान्यात न घालता वेगळ्या धराव्यात, कारण त्यांच्यात माशी होती की नव्हती हे आपल्याला कळलेलेच नसते. निघालेल्या माश्या टाचणीवर लावून, ज्या कोषातून निघाल्या त्याचे रिकामे कवच त्याच टाचणीखाली चिकटवावे. जात ओळखणाऱ्या तज्ज्ञाला माशीइतकाच त्या कवचाच्या मागच्या टोकावरील श्वसनछिद्रांचाही उपयोग होतो.